नागपुरातून वंदे भारत पकडताना : कोणतं स्टेशन, कोणती बाजू, कोणता डबा

सकाळी साडेनऊला मावशीचा फोन आला. “आम्ही केव्हाचे स्टेशनवर येऊन बसलो, पण पुण्याची गाडी बोर्डावर दिसूनच नाही राहिली.” मी विचारलं, कोणत्या स्टेशनवर? “कोणत्या म्हणजे? स्टेशनवर!” तिथेच माझ्या पोटात गोळा आला. पुण्याची वंदे भारत सुटते अजनीहून. आणि मावशी, काका, तीन बॅगा अन् संत्रा बर्फीचे चार डबे नागपूर स्टेशनच्या एक नंबर फलाटावर. गाडी नऊ पन्नासची. ऑटो मिळाला, सिग्नल मिळाले नाहीत. रात्री दोघं ट्रॅव्हल्सनं गेले.

असे फोन मला अधूनमधून येतात, कारण घरात सारखा रेल्वेनं फिरणारा मीच. गंमत म्हणजे यातलं कुणीच उशिरा निघालेलं नसतं. मावशी तर तासभर आधी पोचली होती. चूक होते ती घरून निघण्याआधी. पॅसेंजर, मेल-एक्स्प्रेसच्या सवयीनं आपण वंदे भारत पकडायला जातो. तिथे सुटत्या गाडीत उडी मारायची सोय नाही, आणि गाडी आपल्यासाठी दोन मिनिटांवर तिसरं मिनिट थांबत नाही. बुलेट ट्रेनचं स्टेशन नागपुरात नाही, त्यामुळे वेगवान गाडी पकडायची तर आपल्यासाठी जागा हीच : जुनं नागपूर जंक्शन, बाजूची अजनी, आणि दोन्हीकडे चालू असलेलं पुनर्विकासाचं काम. या पसाऱ्यातून डब्यापर्यंत कसं जायचं, ते क्रमानं सांगतो. क्रम मोडू नका. बहुतेक घोटाळे पायऱ्या उलटसुलट केल्यानंच होतात.

१. तिकीट हातात आल्याबरोबर : स्टेशनचं नाव वाचा

नागपूर शहरात कामाची तीन स्टेशनं आहेत.

नागपूर जंक्शन, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘स्टेशन’ म्हणतो ते. तिकिटावर कोड एनजीपी. बिलासपूर, इंदूर आणि सिकंदराबादच्या वंदे भारत इथून सुटतात.

अजनी. नागपूरपासून तीनेक किलोमीटर दक्षिणेला, वर्ध्याच्या दिशेनं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पुण्याची वंदे भारत इथून निघते. पुण्याची लाईन दक्षिणेकडेच जाते, त्यामुळे ही गाडी नागपूर जंक्शनला शिवतही नाही. “अजनीला चुकली तर पुढच्या स्टेशनवर गाठू” असं मनात असेल, तर पुढचा थांबा वर्धा आहे. गाठून दाखवा.

इतवारी. याचं आताचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी जंक्शन, कोड एनआयटीआर. वंदे भारत इथून सुटत नाही, पण छत्तीसगडकडे जाणाऱ्या काही गाड्या सुटतात. नव्या नावामुळे लोक गोंधळतात. तिकिटावर ‘नेताजी’ दिसलं की समजायचं, इतवारीला जायचं आहे.

जिथून चढायचं तेवढं वाचून थांबू नका, जिथे उतरायचं तेही वाचा. तिथेही तीच गफलत होते. सिकंदराबादची वंदे भारत सेवाग्रामला थांबते, पुण्याची वर्ध्याला. दोन्ही स्टेशनं वर्धा शहराचीच, पण वेगवेगळी. घ्यायला येणारा भाऊ वर्ध्याच्या स्टेशनबाहेर आणि तुम्ही सेवाग्रामला, हे मी पाहिलेलं आहे. पुण्याच्या वाटेवर ‘दौंड कॉर्ड लाईन’ लागतं. ते दौंड जंक्शन नव्हे. घ्यायला येणाऱ्याला पूर्ण नाव कळवा, नुसतं “दौंडला ये” म्हणू नका.

मग तारीख. रेल्वेचं घड्याळ चोवीस तासांचं. रात्री १२ वाजून १० मिनिटांची गाडी म्हणजे ००:१०, आणि तारीख पुढची. “बारा तारखेच्या रात्री निघायचं” म्हणून बारा तारखेचं ००:१० चं तिकीट काढणारा माणूस बारा तारखेला संध्याकाळी बॅग भरायला घेतो, तेव्हा गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. वंदे भारत मध्यरात्रीच्या नाहीत, पण सिकंदराबादची पहाटे ५ ची आहे. “उद्या पहाटे” म्हणताना कुठला उद्या, ते तारखेनिशी बोला.

> तपासा : चढायचं स्टेशन, उतरायचं स्टेशन, तारीख, वेळ, डबा, सीट. सहाही गोष्टी कागदावर लिहून फ्रिजवर लावा. घरात वडीलधारी मंडळी प्रवासाला निघणार असतील तर मोबाईलमधला पीडीएफ त्यांच्या उपयोगाचा नाही.

मी इथे देतो त्या वेळा सध्याच्या वेळापत्रकाच्या. पुण्याची सकाळी ९.५०, बिलासपूरची दुपारी २.०५, इंदूरची ३.२०. वेळापत्रक बदलतं आणि प्रत्येक गाडीचा आठवड्यातून सुटीचा दिवसही असतो. तुमच्या तिकिटावर छापलेली वेळ खरी, शेजाऱ्यांनी सांगितलेली नाही.

२. आदल्या दिवशी : चार्ट, ओळखपत्र, सामान

सकाळच्या गाड्यांचा चार्ट आता आदल्या रात्रीच लागतो. ही सोय आहे. वेटिंगवाल्यांनी त्या रात्रीच बघून घ्यावं. ऑनलाईन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. असं तिकीट घेऊन “टीसीशी बोलून पाहू” म्हणत वंदे भारतमध्ये चढायचं नाही. ती विनातिकीट गणली जाणारी गोष्ट आहे, आणि खुर्च्यांच्या गाडीत कोपऱ्यात बॅगेवर बसून जाण्याचा प्रश्नच येत नाही.

ओळखपत्र मूळ हवं. आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट यांपैकी काहीही चालतं. डिजिलॉकरमधलं आधार किंवा लायसन्सही चालतं. आधारचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो मात्र चालत नाही, आणि नेमका तोच लोक दाखवतात.

चढायचं स्टेशन बदलायचं असेल, समजा तुम्ही बल्लारशाहला असाल आणि तिकीट नागपूरहून काढलं असेल, तर तो बदल वेळेत, आधीच ऑनलाईन करून ठेवा. न सांगता पुढच्या स्टेशनवर चढायला गेलात, तर ‘प्रवासी आला नाही’ अशी नोंद होऊन तुमची सीट दुसऱ्याला गेलेली असू शकते. आणि एकदा स्टेशन बदललं की मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क जातो, हेही लक्षात असू द्या.

सामानाचं थोडं खोलात जाऊन सांगतो, कारण सगळा वेळ तिथेच जातो. चेअर कारला माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं, पण प्रश्न किलोंचा नाही, आकाराचा आहे. वंदे भारतमध्ये सीटखाली ट्रंक सरकवायला स्लीपरसारखी जागा नसते. सामान जातं डोक्यावरच्या रॅकवर. तिथे विमानात केबिनमध्ये नेतो तसली बॅग सहज बसते. लग्नाची मोठी सूटकेस बसवायला दोन माणसं लागतात, आणि ती बसेपर्यंत मागची रांग अडते. म्हणून एका मोठ्या बॅगेऐवजी दोन मध्यम बॅगा करा. प्रत्येक बॅग घरातला सगळ्यात अशक्त माणूस डोक्याच्या उंचीपर्यंत उचलू शकतो का, ते घरीच करून बघा. माझ्या आईनं एकदा लोणच्याची बरणी हातात घेतली होती. जिन्यावर एका हातानं कठडा धरावा की बरणी, यात पाच मिनिटं गेली. एक हात कायम रिकामा राहील, असंच सामान बांधा.

खाण्याचं बुकिंगच्या वेळी ठरतं. जेवण नको असा पर्याय निवडला असेल तर घरून डबा घ्या. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली गाडीत मिळते. नागपूरच्या मे महिन्यात ती किती पुरणार, ते तुम्हीच ठरवा. दुपारी दोनच्या बिलासपूरला जाताना मी दोन बाटल्या घरूनच भरून नेतो.

३. घरून निघण्याआधी : बाजू ठरवा

नागपूर जंक्शनला दोन तोंडं आहेत आणि मध्ये आठ फलाट. पश्चिमेला मुख्य इमारत, जयस्तंभ चौक आणि किंग्जवेच्या अंगानं. तिकडून आत शिरलात की एक नंबर फलाट. पूर्वेला संत्रा मार्केटची बाजू. तिकडून शिरलात की आठ नंबर. दोन्ही बाजूंना जोडणारा रामझुला वरून दिसतो छान, पण संध्याकाळी त्यावर अडकलात तर स्टेशन खाली दिसत राहतं आणि घड्याळ पुढे जात राहतं.

ऑटोवाला हमखास विचारतो, “मेन गेटनं का संत्रा मार्केटकडनं, भाऊ?” याचं उत्तर ऑटोत बसल्यावर शोधायचं नसतं. निघण्यापूर्वी एनटीईएस अ‍ॅपवर (गाडी कुठे आहे ते दाखवणारं रेल्वेचं अ‍ॅप) गाडीचा अपेक्षित फलाट बघा, किंवा १३९ ला फोन करा. फलाट लहान आकड्याचा असेल तर पश्चिमेकडून जा, सात-आठ असेल तर पूर्वेकडून. मधला असेल तर तुमच्या घराला जी बाजू सोपी ती. धरमपेठ, सदर, सिव्हिल लाईन्सकडून येणाऱ्यांना पश्चिम, आणि इतवारी, महाल, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूकडून येणाऱ्यांना पूर्व. पूल चढून सात फलाट ओलांडण्यापेक्षा ऑटोला आधीच योग्य बाजूला न्यायला सांगणं केव्हाही स्वस्त.

बाहेरगावाहून एसटीनं येणारे इथे फार फसतात. गणेशपेठचं मध्यवर्ती बसस्थानक रुळांच्या पूर्वेला आहे. तिथून स्टेशनला जायचं तर संत्रा मार्केटची बाजू जवळची. तरी लोक ऑटोला “मेन स्टेशन” सांगतात, ऑटो रूळ ओलांडून गर्दीतून वळसा घालतो आणि भाडंही वाढतं.

मेट्रोनं जायचं तर ‘नागपूर रेल्वे स्टेशन’ हे मेट्रो स्थानक अ‍ॅक्वा लाईनवर आहे, लोकमान्य नगर ते प्रजापती नगर मार्गावर, आणि ते पूर्वेच्या बाजूला पडतं. खापरी किंवा ऑटोमोटिव्ह चौकाकडून ऑरेंज लाईननं येणाऱ्यांनी सीताबर्डीला उतरून लाईन बदलायची. तिथून कॉटन मार्केट सोडून दुसरं स्थानक. कस्तुरचंद पार्क किंवा झिरो माईलला उतरून पश्चिमेकडून पायी जाता येतं. हातात फक्त पाठीवरची बॅग असेल तरच हा बेत करा.

> सावधान : मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. पहाटे ५ च्या सिकंदराबादला मेट्रो नाही. ऑटो किंवा कॅब रात्रीच सांगून ठेवा, आणि पहाटे चारला त्याला फोन करून उठवायची जबाबदारीही तुमचीच.

अजनीला जाताना एक सापळा आहे. मेट्रोचं ‘अजनी चौक’ स्थानक वर्धा रोडवर आहे, ते अजनी रेल्वे स्टेशनच्या दाराशी नाही. नाव सारखं म्हणून लोक तिथे उतरतात आणि बॅग ओढत विचारत सुटतात. मेट्रोनं येणाऱ्यांना काँग्रेस नगर जवळचं. मेडिकल चौक, मानेवाडा, हनुमान नगरकडून येणाऱ्यांनी सरळ ऑटो करावा. सकाळी नऊ ते दहा हा वेळ शाळा-ऑफिसचा आणि पुण्याची गाडी नेमकी ९.५० ची, म्हणून नकाशा दाखवतो त्या वेळात आणखी पंधरा-वीस मिनिटं धरा.

४. किती आधी पोचायचं?

एकटे, हलकं सामान, रोजचा सराव : अर्धा तास. कुटुंब, म्हातारी माणसं, मोठ्या बॅगा : एक तास. दोन तास आधी जाऊ नका. उन्हाळ्यात फलाटावर दोन तास बसलेलं माणूस गाडी लागेपर्यंत अर्धमेलं होतं, आणि गर्दीत एकेकजण पाण्याला, चहाला, बाथरूमला उठत राहतो. ऐन वेळी एक जण कमीच असतो.

तो एक तास जातो कुठे, ते असं : गेटवर सामान उतरवणं दहा मिनिटं, बोर्ड वाचणं आणि पूल ओलांडणं पंधरा, डब्याची जागा शोधणं दहा. उरलेला वेळ फलाट बदलला तर, म्हणून राखीव. फलाट कधी बदलतो हे सांगता येत नाही, पण बदलला की सगळे एकदम जिन्याकडे धावतात, आणि त्या रेट्यात नातवंडं अन् आजी सांभाळायची असतात.

५. आत शिरल्यावर

आधी बोर्ड, मग जिना. गाडीचा नंबर बघा, नाव नाही. ‘वंदे भारत’ एवढंच वाचून चुकीच्या गाडीपाशी गेलेले लोक मी पाहिले आहेत. दुपारी बिलासपूर आणि इंदूरच्या गाड्या तासा-सव्वातासाच्या अंतरानं आहेत, दोन्ही दिसायला सारख्याच. बिलासपूरला २०८२६, इंदूरला २०९१२. तुमच्या तिकिटावरचा पाच आकडी नंबर आणि बोर्डावरचा नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा.

पुनर्विकासाचं काम चालू असल्यानं पत्रे लावून रस्ते वळवलेले असतात, आणि मागच्या महिन्यातली वाट या महिन्यात असेलच असं नाही. “मला माहीत आहे” या भरवशावर जाऊ नका. ताजा बाण जिकडे दाखवतो तिकडे जा.

सरकत्या जिन्यावर मोठी ट्रॉली बॅग घेऊन चढू नका. वर पोचल्यावर चाक अडतं आणि मागचे अंगावर येतात. साडीचा पदर, ओढणी आवरून धरा. लिफ्ट असेल तिथे लिफ्ट घ्या, आणि लिफ्टची रांग मोठी असेल तर बॅगा दोन माणसांनी वाटून साध्या जिन्यानं न्या. साध्या जिन्याला कुणी भाव देत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा मोकळा असतो.

हमाल करायचा तर बिल्ला बघून करा, आणि दर आधी ठरवा. “द्या साहेब, काय द्यायचं ते” या वाक्यानंतर नेहमी भांडण होतं. गाडीचा नंबर आणि डब्याचा नंबर दोन्ही त्याला सांगा. तो तुम्हाला नेमक्या जागी उभा करील, आणि ते पैसे वसूल आहेत. चालता न येणाऱ्या माणसासाठी व्हीलचेअर हवी असेल तर एक नंबर फलाटावर उपस्टेशन अधीक्षकांच्या खोलीत विचारा. ती मिळवायला वेळ लागतो, तेव्हा तासाच्या हिशेबात पंधरा मिनिटं आणखी घाला.

> तपासा : पूल उतरण्याआधी, वर उभे असतानाच घोषणा एकदा पूर्ण ऐका. खाली उतरून परत चढण्यापेक्षा ते बरं.

६. फलाटावर डबा शोधणं

साध्या गाडीला इंजिनावरून पुढचा-मागचा अंदाज येतो. वंदे भारतला दोन्ही टोकांना सारखंच तोंड असतं, त्यामुळे सी-१ पुढे की मागे हे नुसतं बघून कळत नाही. मागच्या वेळी जिथे उभे होतात तिथेच यावेळी तुमचा डबा लागेल, हेही गृहीत धरू नका. फलाटावर डब्यांचे नंबर दाखवणारे दिवे लागतात ते बघा. दिवे लागले नसतील तर फलाटाच्या मधोमध उभे राहा. गाडी आठ डब्यांची असो वा सोळाची, मध्यभागापासून दोन्हीकडे सारखंच चालावं लागतं.

‘सी’ म्हणजे चेअर कार, ‘ई’ म्हणजे एक्झिक्युटिव्ह. सी-१ आणि ई-१ वेगळे डबे. तिकीट नीट वाचलं नाही की इथे गडबड होते. एक्झिक्युटिव्हच्या खुर्च्या फिरवता येतात, चेअर कारच्या नाहीत. त्यामुळे “आम्हाला उलटं बसवलं” ही तक्रार टीसीकडे नेऊन उपयोग नाही.

७. चढणं, आणि पोचवायला आलेल्यांना आवरणं

दारं आपोआप बंद होतात. यावर मी पुन्हा पुन्हा लिहितो, कारण अजूनही लोकांना वाटतं की दार म्हणजे हातानं ओढायची गोष्ट.

माझे मेव्हणे सासूबाईंना सोडायला बिलासपूरच्या गाडीत चढले. बॅग रॅकवर ठेवली, सीट दाखवली, सासूबाईंनी पाया पडू दिलं नाही, मग परत आग्रह, मग एक फोटो. तेवढ्यात दार लागलं. त्यांनी हँडल शोधलं, नव्हतं. काच थोपटली, बाहेर बहिणीनं हात हलवला. तिला वाटलं निरोप देतायत. गाडी गोंदियाला थांबली तेव्हा उतरले. पायात घरातल्या चपला, आणि खिशात गाडीच्या किल्ल्या. गाडी मात्र संत्रा मार्केटच्या बाहेर. टीसीनं भाडं आणि दंड दोन्ही घेतले, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

म्हणून पोचवायला आलेल्यांनी डब्यात पाय ठेवायचा नाही. बॅग दारातून आत द्या, आतल्या सहप्रवाशाला “काका, जरा वर ठेवता का?” म्हणा. लोक करतात मदत. पाया पडणं, ओवाळणं, रडणं सगळं फलाटावर उरकून घ्या, काचेतून काहीही ऐकू जात नाही. फलाटावर येणाऱ्यांनी प्लॅटफॉर्म तिकीट काढावं. दहा रुपये, दोन तास चालतं. दिवाळीच्या गर्दीत कधी कधी त्याची विक्रीच बंद ठेवतात, तेव्हा गेटवरूनच निरोप घ्या.

तुमचा डबा लांब राहिला आणि गाडी सुटायला आली, तर धावू नका. समोर जे दार उघडं आहे त्यातून आत शिरा. डबे आतून जोडलेले असतात, चालत आपल्या सीटवर जाता येतं. बाहेरून डब्यांच्या मागे पळत बसण्यातच गाड्या चुकतात.

> सावधान : मधल्या स्टेशनवर गाडी बहुतेक ठिकाणी दोनच मिनिटं थांबते. गोंदिया, सेवाग्राम, बडनेरा, शेगाव इथे उतरणाऱ्यांनी दहा मिनिटं आधी बॅग खाली काढून दाराशी यावं. शेगावला उतरायचं आणि बॅगा अजून रॅकवर, अशी मंडळी मग भुसावळला माऊलींना नमस्कार करतात.

८. तरीही चुकलंच तर

चुकीच्या स्टेशनवर आहात हे कळलं आणि वीस मिनिटं हातात आहेत : नागपूर ते अजनी जमू शकतं, पण सामान आणि माणसं एकाच ऑटोत बसत असतील तरच. दोन ऑटो केले तर एक नक्की मागे राहतो. दहा मिनिटं असतील तर प्रयत्न सोडा आणि शांतपणे दुसरी गाडी बघा.

गाडी उशिरा असेल तर वेगळं गणित. तीन तासांहून जास्त उशीर होणार असेल आणि तुम्हाला जायचंच नसेल, तर गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटण्याआधी ऑनलाईन टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) भरा, पूर्ण पैसे परत मिळतात. गाडी गेल्यावर भरलात तर नाही. रागाच्या भरात घरी जाऊन झोपलेले आणि दुसऱ्या दिवशी टीडीआर भरणारे लोक हे पैसे घालवतात.

गाडीत काही विसरलं, डब्यात काही त्रास झाला, तर १३९ ला फोन किंवा रेलमदत या रेल्वेच्या तक्रार-सेवेवर तक्रार. पीएनआर हाताशी ठेवा. त्याशिवाय पुढे काही हलत नाही.

९. परत येताना

इथे लोकांचं लक्ष सुटतं, कारण आपलंच गाव. उतरण्याआधी ठरवा : मेट्रो आणि गणेशपेठ असेल तर पूर्वेकडून, बर्डी (सीताबर्डी)-धरमपेठ असेल तर पश्चिमेकडून बाहेर. घ्यायला येणाऱ्याला फोन करताना “स्टेशनवर ये” म्हणू नका. “संत्रा मार्केटकडून ये” किंवा “मेन गेटला ये” म्हणा, आणि पुण्याहून येत असाल तर “अजनीला ये” म्हणा. मावशी पुण्याहून परतली तेव्हा तिनं हे तीनदा सांगितलं. आधीच परतलेले काका मात्र तिला घ्यायला नागपूर स्टेशनवरच गेले.